बोरीची सावली

नांदेडच्या बाजारात बिंदग्या दिसू लागल्या आणि माझी मान नकळत खाली गेली.

बिंदगी म्हणजे लहान तोंडाचे मातीचे मडके. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आंबील त्यातून शेतात न्यायची असते. मार्गशीर्षातली अमावास्या जवळ आली की कुंभारीण रस्त्याच्या कडेला कडब्याची पेंढी पसरून त्यावर बिंदग्या मांडते. आणि लोहा, अहमदपूर, उदगीर या बाजूंनी येऊन नांदेडात स्थिरावलेल्या घरांतल्या बायका वाकून, बोटाच्या पेराने एकेक वाजवून पाहतात. शेजारी वालाच्या, तुरीच्या, चवळीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागलेले असतात, भज्जीसाठी, म्हणजे या दिवशीच्या मिसळ भाजीसाठी. एरवी वर्षभर एकमेकींकडे न पाहणाऱ्या या बायका त्या दिवसांत ओळख नसतानाही विचारतात, "तुमची येळवस कुठं?" म्हणजे तुमचे रान कुठे, तुम्ही कोणत्या कोपीत जेवणार. ज्याला रान नाही त्यालाही हाच प्रश्न विचारला जातो. त्या दिवशी दुसऱ्याचे रान त्याचे असते.

मलाही शेंगा निवडता निवडता एका बाईंनी विचारले. मी म्हणालो, "शिरूर... शिरूर अनंतपाळ." एवढे बोलायला मला जो वेळ लागतो तो आता माझ्या अंगवळणी पडला आहे. त्या बाईंनीही तो वेळ शांतपणे जाऊ दिला. मान खाली गेली ती त्यामुळे नव्हे. ती गेली गेल्या वर्षीच्या येळवशीमुळे, आणि त्या दिवशी अजिबात न अडखळता माझ्या तोंडून बाहेर पडलेल्या एका वाक्यामुळे.

त्या वाक्यापर्यंत जायला मला थोडे मागून यावे लागेल.

आमच्याकडे हा ऋतू डोळ्यांआधी बोटांना कळतो. हरभऱ्याच्या शेंड्यांवर पहाटे खार धरते. तिथून हात फिरवून बोट जिभेला लावले की दात आंबतात. करडईचे काटे अजून कोवळे असतात, टोचतात पण रक्त काढत नाहीत. ज्वारी निसवून कणसावर आलेली असते आणि तिच्या ओळीतून चालताना पानांची धार कोपरांवर बारीक रेघा ओढते. या सगळ्याच्या मधोमध ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप उभी करायची, वर घरातली एखादी शाल किंवा लुगडे टाकायचे, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. मग घरच्या कर्त्याने आंबिलीची बिंदगी घ्यायची आणि गवताच्या जुडीने उभ्या पिकावर आंबील शिंपडत, मोठ्याने 'ओलगेऽऽ ओलगे' अशी आरोळी देत रानाला फेरी घालायची.

हा शब्द कानडी मुलखातून आला असावा. त्याचा नेमका अर्थ आमच्या गावात कोणालाच सांगता येत नसे. मी महाविद्यालयात शिकायला लागल्यावर एकदा मोठ्या ऐटीत वडिलांना त्याचा अर्थ विचारला होता. ते म्हणाले, "अर्थ घेऊन काय करतूस? रानाला कळतंय की."

वडील फेरी झाल्यावरही लगेच जेवायला बसत नसत. बांधावर उभे राहून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत. एका वर्षी रस्त्यावर बंद पडलेल्या एसटीतले सगळे प्रवासी त्यांनी कोपीपाशी आणून बसवले. आईने कपाळाला हात लावला आणि आंबिलीत ताक वाढवले. त्या प्रवाशांत एक फौजदार होते, एक कैकाडी कुटुंब होते, लग्नाला निघालेल्या दोन म्हाताऱ्या होत्या. सगळे कोपीच्या तोंडाशी गोल करून बसले. कोणी कुठे बसावे हे वडिलांनी कोणालाही सांगितले नाही. मी ते पाहिले होते. इतकी वर्षे मला वाटत होते की पाहिले म्हणजे माझ्यात ते आले.

मी मराठीचा प्राध्यापक होतो. बोलणे हा माझा व्यवसाय होता आणि, आज कबूल करायला हवे, तो माझा दागिनाही होता. सभेत माझे नाव पुकारले गेले की मागच्या रांगेतली कुजबुज थांबत असे आणि ते मला व्यासपीठाकडे जाताना ऐकू येत असे.

एका सकाळी वर्गात शिकवत असताना माझ्या हातातून खडू पडला. तो उचलायचा आहे हे मला समजत होते, पण हात तिकडे गेला नाही. मी बोलत राहिलो. निदान मला तसे वाटत होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी रडायला का लागली हे मला कळेना. पुढे दवाखान्यात समजले की मी जे बोलत होतो त्यात एकही शब्द नव्हता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. समज शाबूत होती. समोरच्या पेल्यातले पाणी मला दिसे, त्याला काय म्हणतात हे अगदी जिभेच्या मुळाशी जाणवे, आणि तोंडातून येई ती नुसती हवा.

घरी आणल्यावर मी लपलो. याला दुसरा शब्द नाही. सहकारी भेटायला येत, जुने विद्यार्थी येत, आणि माझी पत्नी सुनंदा दारातच सांगे, "ते गावाकडं गेलेत." मी आतल्या खोलीत खाटेवर बसून त्यांच्या चहाच्या कपबशांचे आवाज ऐकत असे. ते गेल्यावर ती आत येई तेव्हा माझ्याकडे पाहत नसे. पहाटे देवापुढे बसून ती माझ्यासाठी नेमाने प्रार्थना करी, आणि दिवसभर माझ्याचसाठी खोटे बोले. तिला या दोन गोष्टी एकाच तोंडाने करायला मी लावल्या. आजारपणाची लाज वाटण्याचे काही कारण नसते हे मी इतरांना कितीदा समजावून सांगितले असेल. आणि तीच लाज मी गोधडीसारखी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली होती.

त्या वर्षी येळवशीला धाकटा भाऊ दत्ता मला न्यायला आला. खाटेच्या पायथ्याशी बसून म्हणाला, "आण्णा, बोलू नकोस. नुसता कोपीत बस. फेरी मी घालतो." मी भिंतीकडे तोंड केले. तो बराच वेळ बसला, मग माझ्या पायावरचे पांघरूण नीट करून निघून गेला.

येळवशीच्या दिवशी आमची वसाहत निम्मी रिकामी झाली. सुनंदा माझ्यासाठी मागे राहिली. तिने गॅसवर थोडी भज्जी रांधली. कुंडीतले पाच खडे काढून धुतले, आणि चुना नव्हता म्हणून माझ्या जुन्या पेटीतला खडू ओला करून त्यांना फासला. खिडकीखाली ते पाच पांढरे खडे मांडून तिने वाटीतली आंबील दर्भाच्या काडीने त्यांच्याभोवती शिंपडली. आरोळी द्यायला घरात पुरुष होता, पण तो मुका होता. म्हणून तिने नुसते हात जोडले.

आणि माझ्या तोंडून आले, "ओलगे."

तिची वाटी हातातल्या हातात थांबली. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, जणू खिडकीत पाखरू येऊन बसले होते, "परत म्हणा."

"ओलगे. ओलगे."

ज्याचा अर्थ मला ठाऊक नाही असा तो शब्द, माझ्या जवळच्या हजारो अर्थपूर्ण शब्दांच्या आधी परत आला. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी पुढे समजावले की लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या ठिकाणी जपलेल्या असतात. पाढे, आरत्या, आरोळ्या, शिव्या, या बऱ्याचदा वाचतात. सुनंदाचे म्हणणे एवढेच होते की पांडवांनी दिले. मी दोन्ही स्पष्टीकरणे ऐकून घेतली. वाद घालण्याची तेव्हा सोय नव्हती आणि आता इच्छा नाही. रोज पहाटे ती आरतीची एक ओळ म्हणे आणि अर्ध्यावर थांबे. उरलेली मी पूर्ण करायची. कधी होई, कधी नुसताच घसा खाकरून निघे. ती थांबे. मी आयुष्यात कोणत्याच विद्यार्थ्यासाठी इतका थांबलो नव्हतो.

शब्द परत आले ते आईचे आले. 'हाव', 'न्हाई', 'लई'. ज्या बोलीवर मी शहरात आल्यावर घासून घासून झिलई चढवली होती, तिची झिलई तेवढी गेली आणि खालचे पितळ जसेच्या तसे निघाले. कोपीत नुसते बसण्यापुरता मी पुन्हा गावी जाऊ लागलो. आरोळी मात्र दत्ताच देई. मला लोकांसमोर तोंड उघडायचा धीर होत नसे.

मॅडमनीच मला एक दिवस सुचवले, "सर, गुरुवारी येत जा. नव्या पेशंटजवळ नुसतं बसा. त्यांना दिसू द्या की माणूस बोलू लागतो." मी जाऊ लागलो. व्हरांड्यातल्या बाकावर बसून पाढे म्हणायचे, महिन्यांची नावे म्हणायची, समोरच्याला अडखळू द्यायचे. मला बरे वाटू लागले. आणि मग, हळूच, त्याहून जास्त काहीतरी वाटू लागले. लोक म्हणत, "सरांनी आपलं दुःख बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याचं बघून राहिले." मी मान हलवून नाही म्हणे आणि ते पुन्हा म्हणतील याची वाट पाहत असे.

गयाबाई तिथेच भेटल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर बुक्क्याचा टिळा. सोबत सून रेखा. रेखानेच ओळख करून दिली. "सर, ह्या आमच्या आत्याबाई. गावात भजनात पुढं असायच्या. आता एकच शब्द ऱ्हायलाय."

"कोण... कोणता?"

बाईंनी पदराचा बोळा तोंडावर दाबला. रेखा खाली पाहून म्हणाली, "तुमीच बगा इचारून."

मी विचारले, "नाव?"

त्यांनी पदर काढला, डोळे मिटून जोर केला, ओठ जुळवले, आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मुडद्या!"

लगेच पदर पुन्हा तोंडावर गेला. मी हसलो. थांबवता आले नाही. मग त्याही पदराआडून हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. रेखाने सांगितले की चहा हवा तरी हाच शब्द, नको तरी हाच. नातवाला कुशीत घेऊनही हाच. त्याचे कोणाला काही वाटले नसते. पण आजारातून उठल्यावर प्रथमच त्या देवळात गेल्या, विठोबासमोर हात जोडले, आणि गाभाऱ्यात, सगळ्या भजनी बायकांच्या देखत, त्यांच्या तोंडून तेच निघाले. त्या दिवसापासून त्यांनी देऊळ सोडले, भजन सोडले, घराचा उंबरा ओलांडणे सोडले. दवाखान्यात आणायचे तर रेखाला त्यांना ओढून आणावे लागे.

मला त्यांची लाज ओळखू आली. ती माझीच होती, फक्त लुगडे नेसलेली.

गुरुवारमागून गुरुवार आम्ही त्या बाकावर बसलो. व्हरांड्याला त्या शब्दाची सवय झाली. डॉक्टर विचारत, "काय आजी, बरं आहे का?" त्या म्हणत, "मुडद्या." डॉक्टर म्हणत, "छान." त्या एका शब्दाला त्यांनी किती चाली लावल्या होत्या! प्रश्नाची वेगळी, रागाची वेगळी, पाठीवर हात फिरवण्याची वेगळी. भजनाचा गळा होता तो. मी त्यांना शब्द शिकवायला बसलो होतो, आणि कधी कधी मला वाटे, यांना जे सांगायचे ते या सांगतच आहेत. कमी पडत आहेत ते आमचे कान. असे वाटे आणि मी पुन्हा पाढे म्हणायला लागे.

गेल्या वर्षी मार्गशीर्ष लागला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "येळवस. आमच्या रानात. या."

रेखाच आधी म्हणाली, "नगं सर. लोकं हसतेत. ह्या परत हाय खाऊन बसतील."

"तिथं," मी म्हणालो, आणि पुढचे शब्द एकेक करून गोळा केले, "तिथं कोणी लपायचं न्हाई. मी पण न्हाई. यंदा... आरोळी मी देणार."

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिले आणि प्रश्नाच्या चालीत म्हणाल्या, "मुडद्या?"

"हाव," मी म्हणालो. "खरंच."

त्या आल्या. दत्ताने बसस्थानकावरून त्यांना आणि रेखाला मोटारसायकलवर दोन फेऱ्यांत आणले. गाडीवरून उतरताना बाईंचा पदर वाऱ्याने उडाला होता आणि तो सावरायचे त्यांना सुचले नव्हते. त्या थेट हरभऱ्यात शिरल्या, शेंडे खुडून तोंडात टाकले, आंबट लागल्यावर तोंड वाकडे केले. दत्ताच्या बैलाने मान पुढे केली तेव्हा त्याच्या कपाळावर थाप मारून त्यांनी आपला शब्द उच्चारला, आणि दत्ता म्हणाला, "बरोबर वळीखलं मावशी, लई कामचुकार हाय त्यो!" सगळे हसले. बाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. तोंडावर पदर न घेता हसताना मी त्यांना प्रथमच पाहिले. त्या कोपीच्या तोंडाशी मांडी घालून बसल्या आणि सुनंदाबरोबर पिठाचे उंडे वळू लागल्या, डाव्या हाताने, वेडेवाकडे.

तेवढ्यात रस्त्यावर एक मोटार थांबली. आमच्या महाविद्यालयाचे माजी प्राचार्य उतरले, सोबत तिघेचौघे प्रतिष्ठित गृहस्थ. लातूरहून ते मुद्दाम वाट वाकडी करून आले होते; आधी कळवले नव्हते, कारण त्यांना मला आश्चर्यचकित करायचे होते. बांधावरून येतानाच प्राचार्य म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल ऐकलं. म्हटलं, हा सत्कार सभागृहात नाही, याच मातीत झाला पाहिजे." एकाच्या हातात शाल होती, एकाच्या हातात श्रीफळ. वीस वर्षे ज्यांच्यासमोर मी अचूक बोललो होतो ते माझ्याकडे येत होते, आणि त्यांच्या-माझ्यामध्ये, कोपीच्या तोंडाशी, गयाबाई बसल्या होत्या. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिले, चेहरा उजळला, उंड्याच्या पिठाने भरलेले हात त्यांनी जोडले, आणि त्यांचे ओठ जुळू लागले.

तेव्हा मी रेखाकडे वळून म्हणालो, "बाईंना जरा पलीकडे बोरीच्या सावलीत बसवता का? इथे ऊन फार लागते आहे त्यांना."

एकही अडखळ नाही. एकही शब्द हरवला नाही. आवाज माझा जुना, भरलेला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. ज्या वाक्यासाठी सुनंदाने इतक्या पहाटे देवासमोर घालवल्या, ते अखंड, निर्दोष वाक्य माझ्या तोंडून अखेर आले, आणि ते एका बाईला नजरेआड करण्यासाठी आले.

ऊन लागत नव्हते. पौषाच्या तोंडावरचे ते ऊन. सगळेच कोपीची सावली सोडून त्यात सरकून बसले होते.

बाईंचे ओठ मिटले. त्यांनी हात खाली घेतले, पीठ लुगड्याला पुसले. रेखाने त्यांना उठवले तेव्हा त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. बोर कोपीच्या मागे होती. जाता जाता त्यांचा पदर पुन्हा तोंडावर गेला.

प्राचार्यांना फक्त माझे वाक्य ऐकू आले होते. ते गहिवरून म्हणाले, "अहो, काय स्वच्छ बोलता आहात! ही खरी जिद्द!" सोबतच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या खांद्यावर शाल आली. सुनंदाने पाहुण्यांना भज्जी वाढली, आंबील दिली, आणि मला वाढताना तिचा हात माझ्या ताटावर क्षणभर थांबला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. आतल्या खोलीतल्या दिवसांपासून मला ते न पाहणे चांगले ओळखीचे होते.

मी जेवलो. हे लिहायला मला सर्वांत जड जाते. मी शाल पांघरून, पाहुण्यांच्या पंक्तीला, पोटभर जेवलो.

मोटार गेल्यावर मी बोरीकडे गेलो. त्या दोघी जमिनीवर बसल्या होत्या. सुनंदाने त्यांची ताटे तिकडे पोहोचवली होती. बाईंनी त्यांच्या ताटाला हात लावला नव्हता. सावलीत गारठा होता. बाईंनी पाय पोटाशी घेतले होते. रेखा उभी राहिली आणि मला त्रास होऊ नये अशा बेताने म्हणाली, "काई न्हाई सर. आमाला सवय हाय."

मला म्हणायचे होते, चुकलो. शब्द समोर दिसत होता. तोंड उघडले आणि हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. "चु... चु..." मगाचे ते स्वच्छ वाक्य जिथून आले होते तिथे आता काही नव्हते. मी बाईंच्या समोर मातीत बसलो, आणि बसलो तेवढाच.

त्यांनी पदर काढला. माझ्याकडे नीट पाहिले. आणि अगदी हळू, न ओरडता, जशी आई मुलाला म्हणते तशा, पण त्यात माया न मिसळता, त्या म्हणाल्या, "मुडद्या."

इतक्या दिवसांत त्यांचा तो शब्द प्रथमच जागेवर पडला होता. आम्ही दोघांनी ते ओळखले.

पाहुण्यांच्या गडबडीत राहिलेली रानाची फेरी घालायची वेळ संध्याकाळी आली. दत्ताने बिंदगी माझ्या डाव्या हातात दिली आणि वाट पाहत थांबला. मी तोंड उघडले. जो शब्द सगळ्यांत आधी परत आला होता तोही आला नाही. शेवटी दत्तानेच आरोळी दिली आणि मी त्याच्यामागून आंबील शिंपडत, मुकाट्याने, ज्वारीच्या ओळींतून चालत राहिलो. कोपीपाशी परतलो तेव्हा बाई आणि रेखा शेवटच्या बसने निघून गेल्या होत्या. बोरीखाली ताट झाकून ठेवलेले होते.

त्यानंतरच्या गुरुवारी बाकावर बाई नव्हत्या. पुढच्याही नव्हत्या. मॅडमनी विचारले, "सर, गयाबाई का येत नाहीत, तुम्हाला काही माहीत?" मी म्हणालो, "हाव." आणि काय झाले ते सांगितले. सांगायला दुपार गेली.

मग मी त्यांच्या नांदेडातल्या भाड्याच्या खोलीवर जाऊ लागलो. पहिल्यांदा रेखाने दार अर्धेच उघडले आणि म्हणाली, "आत्याबाई गावाकडं गेल्यात." आत भांडे वाजले. मी तिथेच पायरीवर थोडा वेळ बसलो आणि परत आलो. दाराच्या या बाजूला हे वाक्य कसे ऐकू येते ते मला तेव्हा कळले. पुढच्या खेपेलाही बसलो. उन्हाळा लागला तेव्हा एकदा बाई स्वतःच मेथीची जुडी घेऊन उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी निम्मी जुडी बाहेर सरकवली. मी डाव्या हाताने निवडू लागलो. मी देठ ठेवत होतो ते त्यांनी चिडून परत माझ्यापुढे टाकले. मी पाढे म्हटले नाहीत, महिने म्हटले नाहीत. भाजी निवडून झाली आणि उठलो.

तेव्हापासून गुरुवारचे माझे काम तेच आहे. भाजी निवडतो, शेंगा सोलतो. दवाखान्यातही जातो, पण तिथे आता मी आधी विचारत नाही, ऐकतो. याला लोक सेवा म्हणतात तेव्हा मला बोरीच्या सावलीतला गारठा आठवतो. आजाराने माझे बोलणे हिरावले, ते कष्टाने आणि सुनंदाच्या श्रद्धेने बरेचसे परत मिळाले. परंतु जी गोष्ट मी कधी मिळवलीच नव्हती ती परत कशी मिळणार? ती आता पहिल्यापासून शिकायची आहे, मेथीच्या देठापासून. सुनंदा पहाटे अजून आरतीची अर्धी ओळ म्हणून थांबते. तिला मी हल्ली सांगितले आहे की थांबू नकोस, पूर्ण म्हण, मी तुझ्यामागून येईन.

बिंदगी घेऊन घरी आलो तर रेखाचा फोन.

"सर, आत्याबाई इचारून राहिल्यात."

"काय इचारतेत?"

"आता काय इचारणार? मुडद्या म्हणल्या आन् शिरूरकडं हात केला." मग तिनेच पुढे सांगितले, "देवळातबी गेल्त्या कार्तिकात. पायरीपातूर."

"या म्हणावं," मी म्हणालो. "या."

दत्ताला सांगितले आहे की यंदाही कोपीचे तोंड रस्त्याच्याच बाजूला ठेव. प्राचार्यांनाही मी स्वतः फोन करून बोलावले. बोलावताना गेल्या वर्षी बोरीखाली कोणाला आणि का बसवले तेही सांगितले; अडखळत, पण सगळे. ते एवढेच म्हणाले, "येतो." आरोळी निघेल की नाही, मला माहीत नाही. बाई कोपीच्या तोंडाशी उन्हात बसतील. प्राचार्य समोर येतील, त्या हात जोडतील, ओठ जुळवतील, आणि प्राचार्यांना काय म्हणतील हे मला आत्तापासून ठाऊक आहे. मी त्यांच्याशेजारी बसलेला असेन.